पेन्सिल, खोडरबर, काळ्या क्लिपा: कोकणातल्या दमट घरात स्टेशनरी कुठे कुठे कामाला येते

स्टेशनरीचे जुगाड दाखवणारे व्हिडिओ ढिगाने सापडतात, पण ते बनवणाऱ्याच्या घरी पावसाळ्यात भिंतीला बुरशी येत नसते आणि खिडकीच्या गजांना खारा वारा लागत नसतो. आपल्याकडे डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याला राहणाऱ्या कुणालाही विचारा, जून लागला की टाचण्या गंजतात, स्टिकी नोट भिंतीवरून गळून पडते, सेलोटेपची कड सुटते आणि रबरबँड वहीलाच चिकटून बसतात. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, मग दुसरं काय होणार.

त्यामुळे इथे कुठलाही जुगाड करायच्या आधी एवढंच बघायचं: लोखंडाचं असेल ते गंजणार, डिंकाचं असेल ते सुटणार, रबराचं असेल ते वितळणार. पेन्सिल, खडू आणि खोडरबर या तिघांना मात्र हवेचं फारसं काही वाटत नाही, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करतो.

पेन्सिल

माझं मत विचाराल तर घरातली सगळ्यात कमी वापरली जाणारी कामाची वस्तू म्हणजे पेन्सिल. आतली कांडी असते ग्राफाईट आणि मातीची. ग्राफाईट म्हणजे कार्बनच, ते पाण्यात विरघळत नाही, उन्हाने उडत नाही, वर गुळगुळीतही असतं. या तिन्ही गुणांचा फायदा घ्यायचा.

पहिला उपयोग कलमांच्या लेबलांसाठी. पावसाच्या तोंडावर नर्सरीतून आंब्यात हापूसची, रत्नाची, सिंधूची कलमं आणतो, काजूत वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ आणतो, आणि लहानपणी ही सगळी सारखीच दिसतात. नर्सरीवाल्याने मार्करने लिहिलेलं लेबल एक उन्हाळा गेला की कोरं होतं, कारण मार्करच्या शाईत रंग असतो आणि ऊन तो रंग खातं. नावाला "परमनंट". मग पाच वर्षांनी फळ धरल्यावर कळतं काय लावलं होतं ते.

यावर उपाय असा. श्रीखंडाचा नाहीतर आईस्क्रीमचा पांढरा प्लॅस्टिकचा डबा घ्या, दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब पट्ट्या कापा. एका बाजूने पॉलिश पेपर घासून पट्टी खरखरीत करा, ही पायरी चुकवू नका कारण गुळगुळीत प्लॅस्टिकवर पेन्सिल उमटतच नाही. आता २बी किंवा एचबी पेन्सिलने दाबून लिहा: जात, लावल्याचा महिना-वर्ष, कुठून आणलं. एका टोकाला पंचिंग मशीनने भोक पाडा. बांधताना तार अजिबात नको, खोड जाड झालं की तार सालीत रुतते आणि झाड तिथेच गळफास लावल्यासारखं मरतं, सुतळी सैल बांधायची आणि शक्यतो बाजूच्या फांदीला. दर पावसाळ्यानंतर गाठ एकदा बघून सैल करायची, झालं. अशी लेबलं वर्षानुवर्षं वाचता येतात.

अजून टिकाऊ हवं असेल तर कोल्ड्रिंकचा ॲल्युमिनियमचा कॅन कापून पट्टी करा आणि जुन्या मासिकावर ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून लिहा, अक्षरं खोदली जातात, मग शाई लागतच नाही. फक्त कापलेल्या कडा बोटं कापतात, त्या दुमडून घ्या.

दुसरा उपयोग कुलपाचा, आणि हा गावची घरं बंद ठेवणाऱ्या चाकरमान्यांसाठी खास. गणपतीला येतात, दाराला लागलेलं कुलूप चार-सहा महिने खाऱ्या वाऱ्यात लटकलेलं असतं, किल्ली आत जाते पण फिरत नाही, मग कोणीतरी खोबरेल तेलाची बाटली घेऊन येतं. नका घालू! खोबरेल त्या दिवशी काम करतं, पण नंतर घट्ट होतं, धूळ धरतं आणि पुढच्या वेळी कुलूप आणखी घट्ट बसतं. त्यापेक्षा पेन्सिलला चांगलं लांब टोक काढा, किल्लीच्या दातांवर दोन्ही बाजूंनी घासा, दात काळेकुट्ट व्हायला हवेत. किल्ली आत घालून हलक्या हाताने फिरवा, बाहेर काढा, पुसा, परत घासा, असं पाच-सहा वेळा. हवं तर पॉलिश पेपरवर पेन्सिल घासून पूड पाडा आणि कागदाची पन्हळ करून ती पूड कुलपाच्या भोकात फुंका. कुलूप आधीच गंजून अडकलं असेल तर पेन्सिल काही जादू करणार नाही, आधी गंज सोडवायचा स्प्रे मारा, कुलूप उघडा, दिवसभर पूर्ण वाळू द्या आणि मग ग्राफाईट, कारण ओल्या कुलपात पूड गेली की चिखल होतो. आणि जाताना सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून कुलपावर झडपेसारखा बांधून जा, पागोळ्यांचं पाणी आत जात नाही. पितळेच्या आणि स्टीलच्या कुलपांना हे ठीक, ॲल्युमिनियमच्या कडी-स्लायडिंगला मात्र ग्राफाईट लावू नका, खाऱ्या ओलीत त्या दोघांचं पटत नाही आणि ॲल्युमिनियम उलट लवकर खराब होतं.

दप्तराची, रेनकोटची, बॅगेची धातूची चेन अडकते तिथेही हेच, दातांवर पेन्सिल फिरवा आणि चेन चार वेळा वरखाली करा. पांढऱ्या कपड्याला मात्र मेणबत्ती घासा, नाहीतर काळे डाग पडतील आणि शिव्या मला.

खोडरबर

रिमोट चालत नाही म्हणून सेल बदलले तरी चालत नाही, हे पावसाळ्यात घरोघरी चालू असतं. बहुतेक वेळा सेलच्या जागेतल्या पत्रीवर आणि स्प्रिंगवर ओलीने थर बसलेला असतो. सेल काढा, साध्या पांढऱ्या खोडरबरचा कोपरा तिरका कापून टोक करा, पत्री चमकेपर्यंत घासा, चुरा कोरड्या ब्रशने झटका, आणि चुरा स्प्रिंगमध्ये राहिला तर परत तेच रडगाणं म्हणून नीट झटका. सिमकार्ड आणि मेमरी कार्डचे सोनेरी भाग, जुन्या कॉम्प्युटरच्या रॅमची पट्टी, सगळ्याला हेच, फक्त वस्तू बंद करून, प्लग काढून आणि फार जोर न लावता. सेल फुटून पांढरी पावडर आली असेल तर हातमोजे घालून कापसाच्या बोळ्याने थोडं व्हिनेगर लावा, पुसा, वाळवा आणि मग खोडरबर.

पण खोडरबरचा मला सगळ्यात आवडणारा उपयोग वेगळाच आहे. भिंतीवरचे फोटो. चिऱ्याच्या, म्हणजे लाल जांभ्या दगडाच्या, भिंती पावसाळ्यात ओल धरतात, फ्रेम भिंतीला चिकटून असते, मागे हवा खेळत नाही आणि सप्टेंबरमध्ये आजोबांच्या फोटोच्या मागून काळी बुरशी पुढे यायला लागते. खोडरबरच्या अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कापा, फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत एकेक चिकटवा. फ्रेम भिंतीपासून सुटी राहते, मागून हवा जाते. यात एक मेख आहे. बाजारातले बरेचसे खोडरबर पीव्हीसीचे असतात, त्यात मऊपणासाठी घातलेलं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि दुसऱ्या प्लॅस्टिकला मऊ करतं, कंपासपेटीत खोडरबर प्लॅस्टिकच्या पट्टीला चिकटून खड्डा पडतो तो यामुळेच. त्यामुळे लाकडी फ्रेमला सरळ लावा, प्लॅस्टिकच्या फ्रेमला मधे जाड कागदाचा तुकडा घाला. भिंतीला रंग असेल तर भिंतीकडच्या बाजूनेही कागद.

खडू

खडू छिद्राळ असतो म्हणून थोडी ओल पितो. थोडी! पूर्ण कपाट कोरडं करेल अशी अपेक्षा ठेवू नका. पत्र्याच्या छोट्या बंद डब्यात त्याचा उपयोग होतो: स्क्रू-खिळ्यांचा डबा, शिवणाच्या सुया, मासे गरवायच्या गऱ्या (गळ) ठेवलेली जुनी कंपासपेटी, देवाची चांदीची भांडी. चार-पाच खडू सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवायचे, मोकळे ठेवलेत तर सगळ्याला पांढरी भुकटी लागते. उघडीप मिळाली की पुरचुंडी दिवसभर उन्हात टाकायची आणि परत आत. तव्यावर तापवू नका, शाळेचे खडू बहुतेक जिप्समचे असतात, जास्त तापले की त्यातलं पाणी उडतं आणि भुसभुशीत होऊन तुटतात.

बांगडे तळताना शर्टावर तेल उडालं तर पाणी लावायच्या आधी डागावर खडू चोळा, पंधरा-वीस मिनिटं राहू द्या, झटका, मग साबण. ताज्या डागालाच हे लागू, कालच्या डागाला नाही. स्क्रू ड्रायव्हर घसरत असेल तर टोकाला खडू घासा, पकड येते. गॅसचा सिलिंडर लावला की त्यावर खडूने तारीख घाला, किती दिवस गेला ते आपोआप कळतं.

मुंग्यांसाठी खडूची रेघ ओढतात, साध्या खडूने मुंग्या थोडा वेळ बिचकतात आणि मग वळसा घालून येतात. बाजारात मुंग्या मारायचा जो खडू मिळतो तो विषारी असतो आणि दिसायला अगदी शाळेच्या खडूसारखा, तो चुकूनही स्टेशनरीच्या डब्यात ठेवू नका, घरात पोरं असतील तर हे दोनदा वाचा.

काळ्या क्लिपा

बाइंडर क्लिप म्हणजे त्या काळ्या, दोन चकचकीत कान असलेल्या. १९, २५, ३२, ४१, ५१ मिलिमीटर अशा मापांत मिळतात, घरासाठी ३२ च्या डझनभर आणि ५१ च्या चार-सहा पुरे.

आणल्या की आधी एक काम करा, कान काढून घ्या (दाबले की सुटतात), पट्टीच्या कडांना आणि कानांच्या टोकांना बिनरंगी नेलपॉलिशचा हात द्या, वाळू द्या, परत बसवा. काळ्या भागावर रंग असतो पण कडा उघड्या असतात आणि गंज तिथूनच सुरू होतो. कापडाला धरणार असाल तर मधे कागदाची घडी घाला, गंजाचा डाग कपड्यावरून जात नाही.

यांचा खरा सीझन म्हणजे मे महिन्यातलं वाळवण. अंगणात खाटेवर कापड घालून पोह्याचे, फणसाचे पापड टाकले की अकरा वाजता समुद्राकडून वारा सुटतो, कापडाचा कोपरा उलटतो आणि पापड मातीत. कापडाच्या कोपऱ्यांवर दगड ठेवतो आपण, त्यापेक्षा कापडाची कड खाटेच्या पट्टीभोवती, चटईभोवती किंवा सुपाच्या कडेला वळवून क्लिप लावा, हातभर अंतरावर एक. गज जाड असेल तर क्लिप बसत नाही, तिथे मुकाट्याने सुतळी. आंबापोळीसाठी ताटाला साजूक तूप लावून रस पसरलात की वर जुन्या मच्छरदाणीचं किंवा जाळीच्या पडद्याचं कापड ताणून धरा, ताटाच्या कडेला चारही बाजूंनी छोट्या क्लिपा. कापड रसाला टेकता नये म्हणून मधे एक वाटी उपडी ठेवा. माशी, कावळा, मुंगी तिघांचा बंदोबस्त, अर्थात मुंगीसाठी ताट पाण्यात ठेवलेल्या वाटीवर ठेवावं लागतंच.

स्वयंपाकघरात मेतकूट, कुळथाचं पीठ, सुकट यांची पिशवी उघडी राहिली की पावसाळ्यात दोन दिवसांत ढेकळं होतात. पिशवीतली हवा दाबून काढायची, तोंड दोन-तीनदा घट्ट दुमडायचं आणि मग क्लिप. नुसती चिमटीत धरून लावली तर बाजूंनी हवा जाते. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुकट-बोंबलावरच दिवस काढायचे असतात, तर तेवढं जपावंच लागतं. सुक्या मासळीची क्लिप वेगळी ठेवा, ती नंतर फरसाणाला लावलीत तर कळेलच.

मच्छरदाणीला चीर पडली तर दोन्ही कडा एकत्र गुंडाळून दोन क्लिपा, सुई-दोरा सापडेपर्यंत. टेबलाच्या कडेला लावलेल्या क्लिपच्या कानातून चार्जरची वायर घातली की ती खाली पडत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पडवीची ताडपत्री मात्र या क्लिपांनी धरायला जाऊ नका, पहिल्या वादळी वाऱ्यात क्लिपा शेजाऱ्याच्या कौलावर सापडतील.

रबरबँड

आपल्या हवेत रबरबँडचा भरवसा नाही. कोकम सरबताची बाटली, लोणच्याची बरणी यांची घट्ट झाकणं उघडायला झाकणाभोवती जाड रबरबँड गुंडाळा, हात घसरत नाही, एवढ्यापुरता उत्तम. महिनोन्महिने बांधून ठेवायचं असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या आडव्या चकत्या कात्रीने कापा, बोटभर रुंद. पंक्चरवाला ट्यूब फुकट देतो. या चकत्या ऊन-पाऊस बराच सोसतात, सैल झालेल्या हिराच्या (नारळाच्या पातीच्या काड्यांच्या) केरसुणीला दोन चढवल्या की परत घट्ट.

चांदीला रबरबँड कधीही बांधू नका. रबर टिकाऊ करायला त्यात गंधक घालतात आणि गंधकाने चांदी काळी पडते. निरांजन, समईच्या वाती, पळी-पंचपात्र असं एकत्र बांधून ठेवायचं तर सुती दोरा.

टेप आणि गणपतीचं मखर

सेलोटेपपेक्षा रंगकामाचा मास्किंग टेप घ्या. तो हाताने फाटतो, त्यावर पेनने लिहिता येतं, काढल्यावर चिकट राहत नाही. फ्रिजरमधल्या मासळीच्या डब्यावर नाव-तारीख, मसाल्याच्या बरणीवर दळल्याचा महिना. अट एकच, डबा आधी पूर्ण कोरडा करून पुसायचा आणि टेप लावून मग फ्रिजरमध्ये टाकायचा, गार डब्यावर बाष्प धरलं की कुठलाच टेप बसत नाही.

चिऱ्याच्या भिंतीला ड्रिल मारलंय कधी? लाल धुळीचा पाऊस. भोकाच्या खाली दोन बोटांवर मास्किंग टेपने कागदाचं पाकीट तोंड वर करून चिकटवा, बरीचशी धूळ त्यातच पडते. चुन्याच्या भिंतीला टेप धरत नाही, तिथे पाकीट दुसऱ्या कुणाला तरी हाताने धरायला लावा.

आता मखर. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून बऱ्याच घरांत पुठ्ठ्याची मखरं होतात. पुठ्ठा दमट हवेत वाकतो हीच अडचण. टीव्ही-फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या, दोन थर एकमेकांवर ठेवा पण रेघांची दिशा उलटसुलट, म्हणजे एकाच्या उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या. मधे फेव्हिकॉल पातळ आणि सगळीकडे सारखा, कडांना हातभर अंतरावर काळ्या क्लिपा, वर वजन म्हणून तांदळाची गोणी, आणि रात्रभर तसंच. साधा फेव्हिकॉल पाण्याने मऊ पडतो, त्यामुळे पडवीत किंवा मांडवात ओल लागणार असेल तर दुकानात मरीन मागा, तो पाण्याला टिकतो. कमान काढायची तर मधे टाचणी, टाचणीला दोरा, दोऱ्याच्या टोकाला पेन्सिल, दोरा ताणून फिरवा. पेन्सिलऐवजी खडू बांधला की अंगणातली मोठी रांगोळीसुद्धा अशीच गोल येते.

जोड चिकटवू नका, क्लिपांनी धरा आणि क्लिपा पुढून दिसणार नाहीत अशा मागे घ्या. उतरवताना प्रत्येक जोडाच्या दोन्ही तुकड्यांवर मागून मास्किंग टेप लावून सारखाच आकडा टाका, १ ला १, २ ला २. पुढच्या वर्षी मुंबईवरून येणारा भाऊ आरतीच्या आदल्या रात्री पोचला तरी अर्ध्या तासात मखर उभं.

तोरणाला स्टेपलर चालतो: आंब्याच्या पानाचा देठाकडचा भाग सुतळीवरून मागे दुमडायचा आणि एक पिन. पण तोरण उतरवल्यावर पिना काढूनच पानं टाका. गाई-म्हशी ती पानं खातात, पोटात गेलेली तार त्यांच्या जिवावर उठते. ज्यांच्या वाडीत गुरं फिरतात त्यांनी स्टेपलर विसरा, हिराची काडी टोचा. जेवणाच्या पुडीला, द्रोणाला स्टेपलर तर नाहीच नाही.

कागदपत्रं

सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, जुनी खरेदीखतं यांना टाचणी, जेम क्लिप, स्टेपल पिन काहीही ठेवू नका. पिन गंजते, गंज कागदात उतरतो आणि त्या जागी कागद विरतो, नेमका सर्व्हे नंबरवर. पिनचे दोन्ही पाय मागून पट्टीच्या टोकाने उघडून हळू काढा, ओढू नका. मग फाईलची दोऱ्याची लेस घाला किंवा दुमडलेल्या जाड कागदात ठेवा. जुने कागद लॅमिनेट करायचा मोह होतो, पण आत ओल राहिली तर बुरशी आतच वाढते आणि काढताही येत नाही. बटणवाल्या प्लॅस्टिक फोल्डरमध्ये ठेवा, ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात एकदा सगळे बाहेर काढून सावलीत वाऱ्याला पसरा. तोच फोल्डर पावसात स्कूटरवरून तहसीलला जाताना कामाचा, बटणाची बाजू खाली ठेवायची म्हणजे पाणी आत शिरत नाही... म्हणजे कमी शिरतं.

व्हाइटनर राहिलाच. मीटरच्या पेटीतल्या काळ्या एमसीबीवर (जास्त लोड आला की आपोआप पडणारा खटका) व्हाइटनरचा ठिपका आणि वाळल्यावर त्यावर पेन्सिलने "पंप", "माजघर", "फ्रिज". रात्री लाईट गेली, बॅटरी हातात, तेव्हा शोधत बसावं लागत नाही. भांड्यांना, पोरांच्या खेळण्यांना तो लावू नका.

आणि ही सगळी स्टेशनरी स्वतः कुठे ठेवायची? बिस्किटाच्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, खालच्या फडताळात नव्हे, वर. रबरबँड वेगळ्या पिशवीत चिमूटभर टाल्कम पावडर घालून हलवून ठेवा, एकमेकांना चिकटत नाहीत. टेपचं सुटं टोक दुमडून ठेवा. खोडरबर कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पट्टीपासून लांब. क्लिपा वापरून झाल्या की पुसून आत, आणि खडूची पुरचुंडी डब्यात असतेच.